परक्या हृदयाचा सांभाळ

शरीरांतील सर्व अवयवांमध्यें हृदयाएवढा निरलस सेवक दुसरा नाहीं. हात दमले म्हणजे आपण काम खालीं ठेवितों, डोळे शिणले म्हणजे ते मिटून घेतों, आणि रात्रीं निजलों म्हणजे बुद्धीलाही विसांवा मिळतो. हृदयास मात्र सुटीचा दिवस ठाऊक नाहीं. मुठीएवढा आणि अदमासें ३०० ग्रॅम वजनाचा हा स्नायूंचा गोळा मिनिटास सुमारें ७० वेळां आकुंचन पावतो, म्हणजे एका अहोरात्रांत त्याचे लाखभर ठोके होतात. प्रत्येक मिनिटास तो सुमारें ५ लिटर रक्त पुढें ढकलतो. ही बेरीज दिवसाअखेर ७,००० लिटरांवर जाते. दहा लिटरांची घागर धरली, तर रोज सातशें घागरी पाणी उपसण्याएवढें हें काम आहे. आणि तें आईच्या उदरांत एकदां सुरू झालें म्हणजे मरेपर्यंत अव्याहत चालतें.

असा हा सेवक थकला तर काय करावें? औषधांनीं तो सांवरेना, तर दुसऱ्या मनुष्याचें हृदय त्याच्या जागीं बसवितां येईल काय? आणि बसविलें, तर तें टिकावें म्हणून रोग्यानें, घरच्यांनीं व सोबत्यांनीं काय काय सांभाळावें? या प्रश्नांचीं उत्तरें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मंडळीस सोप्या रीतीनें सांगावीं, एवढाच या लेखाचा हेतु आहे. वर्तमानपत्रांत हृदयरोपणाची वार्ता येते ती बहुधा शस्त्रक्रियेच्या दिवसाची असते. पण खरी कथा त्या दिवसाच्या पुष्कळ आधीं सुरू होते आणि त्यानंतर पुष्कळ वर्षें चालते, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें.

हृदय थकतें म्हणजे काय?

हृदय निकामी झालें असें ऐकून तें एकदम बंद पडलें अशी पुष्कळांची समजूत होते. वस्तुतः तसें नाहीं. तें चालतच असतें, पण शरीरास लागेल तेवढें रक्त पोंचविण्याची शक्ति त्यांत उरलेली नसते. निरोगी हृदयाचा डावा कप्पा आकुंचन पावतो तेव्हां त्यांतील निम्म्याहून अधिक रक्त बाहेर पडतें. थकलेल्या हृदयाचा कप्पा बहुधा जुन्या फुग्याप्रमाणें सैल व मोठा होतो, आणि प्रत्येक ठोक्यास त्यांतून फार थोडें रक्त बाहेर जातें.

याचा परिणाम सर्व शरीरावर होतो. मूत्रपिंडांकडे रक्त कमी आलें म्हणजे शरीरांत पाणीच कमी पडलें आहे असें तीं समजतात आणि मीठ व पाणी धरून ठेवूं लागतात. त्यामुळें आधींच दमलेल्या हृदयावर अधिक भार पडतो. पाय सुजतात, पोट फुगतें, फुप्फुसांत पाणी सांचतें. जिना चढतांना धाप लागते, मग सपाट रस्त्यावरही लागते, आणि शेवटीं अंथरुणावर सरळ निजवतही नाहीं. तीन-चार उशा पाठीशीं घेऊन रोगी रात्र बसून काढतो.

ही अवस्था निरनिराळ्या मार्गांनीं येते. हृदयास रक्त पुरविणारी वाहिनी तुंबून त्याचा कांहीं भाग मरतो. रक्तदाब वर्षानुवर्षें वाढलेला राहतो. कांहींच्या हृदयाचे स्नायु एखाद्या विषारी तापानें अथवा आनुवंशिक दोषानें क्षीण होतात. कांहीं मुलें हृदयांत व्यंग घेऊनच जन्मास येतात. आमच्या देशांत आणखी एक कारण आहे, व तें शाळेंतील मुलांच्या आईबापांनीं विशेष ध्यानांत ठेवावें. लहानपणीं घसा धरून ताप येतो, पुढें कांहीं आठवड्यांनीं गुडघे, घोटे, कोंपरें सुजतात, आणि एक सांधा बरा होतो तों दुसरा दुखूं लागतो. हा संधिवाताचा ज्वर होय. सांधे बरे होतात. पण हृदयाच्या झडपांना पडलेले व्रण कायम राहतात. मुलाचा घसा वारंवार धरत असेल तर तो डॉक्टरांस दाखवावा. हा ज्वर झालेल्या मुलास तीन-चार आठवड्यांनीं पेनिसिलीनची सुई कित्येक वर्षें घ्यावी लागते. मूल खेळूं-बागडूं लागलें म्हणून ती मध्येंच सोडूं नये. चाळिशींतलें मोठें संकट दहाव्या वर्षीं थोडक्यांत टळतें तें असें.

रोपणाच्या आधींची शुश्रूषा

हृदय थकलें कीं लगेच तें बदलावें, असें कोणी समजूं नये. बहुतेक रोग्यांस त्याची गरजच पडत नाहीं. वाहिन्यांवरील ताण कमी करणारीं, ठोके मंद करून हृदयास विसांवा देणारीं आणि सांचलेलें पाणी मूत्रावाटे काढणारीं औषधें आतां उपलब्ध आहेत. मधुमेहासाठीं म्हणून निघालेलें एक औषध तर थकलेल्या हृदयासही हितकर ठरलें आहे. हीं औषधें नियमानें घेणारे कित्येक रोगी पुन्हां कामधंद्यास लागतात.

परंतु औषधाइतकीच घरची शिस्त महत्त्वाची आहे. मिठाबरोबर पाणी अंगांत राहतें. म्हणून पापड, लोणचें, फरसाण व सुकी मासळी हीं पानांतून काढावीं लागतात. रोज सकाळीं शौचास जाऊन आल्यावर, कांहीं खाण्यापूर्वीं, एकाच काट्यावर वजन करून तें वहींत लिहावें. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनीं वाढलें, तर तें अन्नानें वाढलेलें नसून पाण्यानें वाढलें आहे असें समजावें आणि डॉक्टरांस कळवावें. पाय सुजण्याची वाट पाहूं नये. अंगदुखीच्या ज्या गोळ्या आपण दुकानांतून सहज आणतों, त्यांतील पुष्कळ मूत्रपिंडांना अपायकारक असून पाणी वाढवितात; त्या विचारल्यावांचून घेऊं नयेत. वजनाची ही वही ठेवण्याचें काम घरांतील शाळकरी मुलास देतां येण्यासारखें आहे.

इतकें करूनही ज्याला खोलीभर चालवत नाहीं, ज्याला वरचेवर इस्पितळांत न्यावें लागतें आणि ज्याच्या आयुष्याची दोरी एका-दोन वर्षांहून अधिक दिसत नाहीं, अशाच्या बाबतींत रोपणाचा विचार होतो. तेव्हांही आधीं कसून तपासणी होते. फुप्फुसांतील रक्तदाब फार चढून तसाच कायम झाला असेल, तर नवें हृदय त्या भारापुढें पहिल्याच दिवशीं हात टेंकील. म्हणून एक बारीक नळी शिरेंतून हृदयापर्यंत नेऊन तो मोजतात. मूत्रपिंडें व यकृत शाबूत आहेत कीं नाहींत, कोठें क्षय अथवा कर्करोग दडलेला आहे काय, दांत किडले आहेत काय, हें पाहतात. तंबाखू व दारू सोडावी लागते. आणि सर्वांत शेवटीं एक साधा प्रश्न विचारतात: या रोग्याला वेळेवर औषध देणारें व इस्पितळांत घेऊन येणारें घरांत कोण आहे? हा प्रश्न लहान दिसतो; पण हृदय टिकणें न टिकणें पुष्कळ अंशीं त्याच्याच उत्तरावर असतें.

योग्य हृदय मिळेपर्यंत महिने, कधीं वर्षही जातें. तोंवर जो तग धरूं शकत नाहीं, त्याच्या छातींत विजेवर चालणारा लहानसा पंप बसवितां येतो. तो डाव्या कप्प्यांतील रक्त ओढून महारोहिणींत ढकलतो. त्याची तार पोटावरून बाहेर येते व तिला जोडलेले विद्युत्घट रोगी खांद्यावरील पिशवींत वागवितो. रक्त अखंड वाहत असल्यामुळें अशा रोग्याची नाडी पुष्कळदां हातास लागतही नाहीं, तरी तो चालतो, बोलतो व जेवतो!

हें कसें साध्य झालें

मूत्रपिंडाचें पहिलें यशस्वी रोपण अमेरिकेंतील बोस्टन शहरीं १९५४ सालीं डॉ. जोसेफ मरे यांनीं केलें. देणारा व घेणारा हे जुळे भाऊ असल्यामुळें शरीरानें तो अवयव परका मानला नाहीं. हृदयाचा प्रश्न अधिक बिकट होता. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत डॉ. नॉर्मन शमवे व डॉ. रिचर्ड लोअर यांनीं कुत्र्यांवर पुष्कळ वर्षें प्रयोग करून शस्त्रक्रियेची पद्धति बसविली. तिचाच आधार घेऊन दक्षिण आफ्रिकेंतील केपटाउन शहरच्या ग्रूट शूर इस्पितळांत डॉ. क्रिस्टियान बर्नार्ड यांनीं ३ डिसेंबर १९६७ रोजीं मनुष्याचें हृदय मनुष्यांत प्रथम बसविलें. मोटारीच्या अपघातांत सांपडलेल्या एका तरुणीचें तें हृदय होतें. त्याच अपघातांत तिची आईही मरण पावली होती. अशा घटकेस तिच्या वडिलांनीं संमति दिली. रोगी लुई वॉशकान्स्की हे १८ दिवस जगले. हृदय अखेरपर्यंत चांगलें चालत होतें; पण तें शरीरानें झिडकारूं नये म्हणून दिलेल्या औषधांनीं रोगाशीं झगडण्याची शक्तिच मारली गेली, आणि फुप्फुसदाहानें त्यांचा अंत झाला. यापुढील सर्व अडचणीचें बीज या एका गोष्टींत आहे.

जानेवारी १९६८ मध्यें बर्नार्ड यांनीं दुसरें रोपण केलें तें फिलिप ब्लायबर्ग यांजवर. ते दीड वर्षाहून अधिक जगले. त्या देशांत तेव्हां वर्णभेदाचा कायदा इतका कडक होता कीं गोऱ्यांनीं व इतरांनीं एका बांकावर बसूं नये. तरी गोऱ्या ब्लायबर्ग यांच्या छातींत जें हृदय चालत होतें तें एका मिश्रवर्णीय तरुणाचें होतें. हृदयाला वर्ण नसतो, ही गोष्ट त्या कायद्याच्या छायेंतच सर्व जगास दिसली.

आपल्या मुंबईनेंही या कामीं फार लवकर पाऊल टाकलें होतें, हें थोड्यांना ठाऊक असेल. परळच्या के. ई. एम. इस्पितळांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं फेब्रुवारी १९६८ मध्यें, म्हणजे केपटाउनच्या शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांच्या आंत, हृदयरोपण केलें. रोगी कांहीं तासांतच दगावला. त्या एका वर्षांत जगभर शंभराहून अधिक रोपणें झालीं. परंतु बहुतेक रोगी थोड्याच दिवसांत मरण पावल्यानें बहुतेक इस्पितळांनीं तें काम सोडून दिलें. शमवे यांनीं मात्र तें नेटानें चालू ठेविलें. हृदय झिडकारलें जाऊं लागलें आहे हें बाहेरून दिसण्यापूर्वींच ओळखावें, यासाठीं मानेच्या शिरेंतून चिमटा हृदयांत नेऊन कणभर तुकडा काढण्याची युक्ति १९७३ च्या सुमारास त्यांच्या सहकाऱ्यांनीं काढली. तीच आजही चालू आहे.

मोठा फरक पडला तो एका बुरशीमुळें. नॉर्वेंतील हार्डांगेरव्हिडा नांवाच्या उजाड पठारावरील मातींत सांपडलेल्या बुरशीपासून स्वित्झर्लंडमधील सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेनें सायक्लोस्पोरिन हें द्रव्य काढलें. शरीराच्या रक्षक पेशींना सरसकट न मारतां, परक्या अवयवावर चालून जाणाऱ्या पेशींनाच तें विशेषेंकरून आवरतें. १९८३ सालीं अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली, आणि सोडून दिलेलें काम ठिकठिकाणीं पुन्हां सुरू झालें. भारतांत १९९४ सालीं मानवी अवयवरोपणाचा कायदा झाला, आणि त्याच वर्षीं ३ ऑगस्ट रोजीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत डॉ. पी. वेणुगोपाल यांनीं देशांतील पहिलें यशस्वी हृदयरोपण केलें.

हृदय येतें कोठून?

मूत्रपिंडें दोन असतात, म्हणून जिवंत माणूस एक देऊं शकतो. हृदय एकच. तें ज्याचा मेंदू मृत झाला आहे अशाकडूनच बहुतकरून येतें. येथें वाचकांच्या मनांत एक शंका येईल: माणूस मेला, तर हृदय चालतें कसें? याचें उत्तर असें कीं, ठोक्याची प्रेरणा हृदयांत स्वयंभू असते. अपघातानें अथवा रक्तस्रावानें मेंदूचा देंठ, ज्यास मस्तिष्कस्तंभ म्हणतात, तो मेला कीं श्वास कायमचा थांबतो. पण यंत्रानें फुप्फुसांत हवा भरत राहिली तर हृदय कांहीं काळ चालत राहतें. ही बेशुद्धि नव्हे. बेशुद्धींतून माणूस कधीं कधीं उठतो. मस्तिष्कस्तंभ मेलेला कधींही उठत नाहीं.

यांत घाई अथवा कपट होऊं नये म्हणून कायद्यानें बंदोबस्त केला आहे. चार डॉक्टरांनीं तपासणी करावी, निदान सहा तासांच्या अंतरानें ती पुन्हां करावी, आणि रोपण करणाऱ्यांपैकीं कोणीही त्या चौघांत असूं नये. डोळ्यांवर प्रकाश टाकला तर बाहुली हलते काय, घशांत नळी हलविली तर ठसका येतो काय, आणि यंत्र थांबविलें तर श्वासाचा एक तरी प्रयत्न होतो काय, हें ते पाहतात. त्यानंतर जवळच्या आप्तांची लेखी संमति लागते. अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. हृदय कोणास द्यावें हें घरचे लोक किंवा इस्पितळ ठरवीत नाहीं; त्यासाठीं नेमलेल्या मंडळाच्या यादीप्रमाणें, रक्तगट, शरीराचें आकारमान व रोग्याची निकड पाहून तें ठरतें. महाराष्ट्रांत मुंबई, पुणें, नागपूर व छत्रपति संभाजीनगर येथें अशीं मंडळें आहेत.

बर्फाच्या पेटींत ठेविलेलें हृदय साधारणपणें चार तासांच्या आंत नव्या शरीरांत बसवावें लागतें. म्हणून पोलीस रस्ता मोकळा करतात. ऑगस्ट २०१५ मध्यें पुण्याच्या एका स्त्रीचें हृदय विमानानें मुंबईस आणून मुलुंडच्या इस्पितळांत एका तरुणास बसविलें गेलें. डॉ. सेन यांच्या प्रयत्नानंतर ४७ वर्षांनीं त्या शहरांत हें काम सफळ झालें. त्यापूर्वीं सप्टेंबर २००८ मध्यें चेन्नई येथें अपघातांत मेंदू मृत झालेल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाचे अवयव त्याच्या आईबापांनीं दिले. तीं दोघेंही डॉक्टर होतीं. मुलगा परत येणार नाहीं हें त्यांना कळत होतें. त्याचें हृदय नऊ वर्षांच्या एका मुलीस मिळालें. त्या घटनेनंतर तामिळनाडूंत अवयवदानाच्या कामास मोठी चालना मिळाली.

शस्त्रक्रियेचें वर्णन थोडक्यांत करूं. रोग्याचें रक्त यंत्राकडे वळवितात. तेंच हृदयाचें व फुप्फुसांचें काम करतें. जुनें हृदय काढून नवें त्या जागीं शिवतात. मग त्यांत ऊन रक्त सोडलें कीं तें थरथरतें आणि आपल्या तालावर चालूं लागतें. कधीं विजेचा हलका धक्का द्यावा लागतो. हें सर्व कांहीं तासांचें काम. यापुढें वर्षांचें काम सुरू होतें.

नंतरची शुश्रूषा

आपल्या शरीरांत रक्षक पेशींचें मोठें सैन्य आहे. आपलें कोण व परकें कोण, हें ते पेशींवरील खुणांवरून ओळखतात. जंतु दिसला कीं त्यास मारावें, एवढेंच त्यांना ठाऊक. नवें हृदय हें प्राण वांचवायला आलेला पाहुणा आहे हें त्या बिचाऱ्या पहारेकऱ्यांना कोण सांगणार? ते त्यावर तुटून पडतात. म्हणून त्यांना आवरणारीं औषधें जन्मभर घ्यावीं लागतात. हल्लीं सायक्लोस्पोरिनच्या जागीं बहुधा टॅक्रोलिमस देतात, आणि त्याच्या जोडीस आणखी एक-दोन. मात्रा कमी पडली तर हृदय झिडकारलें जातें. अधिक झाली तर साधा जंतूही घात करतो, मूत्रपिंडें बिघडतात, हातास कंप सुटतो, साखर व रक्तदाब वाढतो. दोरीवरून चालणाऱ्या डोंबाऱ्याप्रमाणें रोग्यास दोन्ही बाजूंचा तोल जन्मभर सांभाळावा लागतो.

यासाठीं गोळी घड्याळाच्या कांट्यावर घ्यावी लागते, साधारणतः बारा-बारा तासांच्या अंतरानें. रक्तांत औषध किती आहे हें पाहण्यासाठीं सकाळची गोळी घेण्यापूर्वीं रक्त द्यावयाचें असतें. आधीं गोळी घेऊन गेल्यास तो हिशेब चुकतो. ओकारी झाली, जुलाब लागले, किंवा दुसऱ्या डॉक्टरांनीं नवें औषध दिलें, तर रोपण करणाऱ्या इस्पितळांत विचारावें. चकोतरें व पपनस हीं फळें वर्ज्य; कारण त्यांतील द्रव्यानें रक्तांतील औषधाची मात्रा एकाएकीं चढते. कोणी भल्या बुद्धीनें काढा किंवा मुळी दिली, तरी ती विचारल्यावांचून घेऊं नये.

पहिल्या वर्षीं हृदयाचा कण काढून तपासणी वारंवार होते. प्रारंभीं दर आठवड्यास, पुढें अंतर वाढत जातें. ताप, धाप, पायांस सूज, एकाएकीं आलेला थकवा, ठोक्यांतील अनियमितपणा यांपैकीं कांहीं दिसलें तर उद्यांवर टाकूं नये. औषधांमुळें ताप कधीं कधीं थोडाच चढतो. म्हणून थोडा ताप म्हणजे थोडा आजार, हा नेहमींचा हिशेब येथें उपयोगी नाहीं.

घरांतील व्यवस्था मोठ्या खर्चाची नाहीं, पण जागरूकपणाची आहे. पाणी उकळून प्यावें, दूध तापवावें, अन्न ताजें व शिजलेलें असावें, उघड्यावरची चटणी व कापलेलीं फळें टाळावीं. बागेंतील मातींत उघड्या हातांनीं काम करूं नये, कबुतरांच्या विष्ठेपासून दूर असावें. घरांत कोणास पंधरा दिवसांहून अधिक खोकला असेल, तर आधीं त्याची क्षयासाठीं तपासणी करावी. जिवंत जंतूंच्या लसी रोग्यास चालत नाहींत. म्हणून त्याच्या भोंवतालच्या मुलामाणसांनीं आपापल्या लसी वेळेवर घेणें हेंच त्याचें चिलखत होय.

नव्या हृदयाची एक विलक्षण गोष्ट विद्यार्थ्यांस सांगण्यासारखी आहे. शस्त्रक्रियेंत त्याकडे जाणारे मज्जातंतु तुटतात. त्यामुळें तें स्वस्थ बसलें असतांही मिनिटास ९० ते ११० ठोके देतें. तुम्ही धांवूं लागलां तर तुमचें हृदय क्षणांत वेग घेतें. या हृदयास मात्र धांवण्याचा निरोप रक्तांतून येणाऱ्या द्रव्यांमार्फत मिळतो, आणि त्यास कांहीं मिनिटें लागतात. म्हणून असा मनुष्य आधीं सावकाश चालून मग वेग वाढवितो, आणि थांबतांनाही हळूहळू थांबतो. याच तुटलेल्या तंतूंचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. कांहीं वर्षांनीं नव्या हृदयाच्या वाहिन्या आंतून अरुंद होऊं लागतात. पण छातींत दुखण्याची सूचना पुष्कळदां मिळतच नाहीं. म्हणून बरें वाटत असतांही ठराविक मुदतीनें तपासणी करावी लागते.

हें सर्व सांभाळलें तर फळ थोडें नाहीं. मोठ्या केंद्रांच्या अनुभवाप्रमाणें शंभर रोग्यांपैकीं सुमारें ८५ एक वर्षानंतर जिवंत असतात, आणि निम्म्याहून अधिक दहा वर्षांच्या पुढें जातात. ज्यांस अंथरुणावर आडवें होतां येत नव्हतें ते कामावर जातात, मुलांचीं लग्नें पाहतात.

मनाचीही शुश्रूषा हवी. दुसऱ्याच्या मरणावर आपण जगतों आहों, हा विचार कित्येकांस छळतो. त्यांस शांतपणें सांगावें कीं, तें मरण त्यांच्यासाठीं आलें नव्हतें. तें आलेंच होतें, आणि त्यांतून एका शोकग्रस्त कुटुंबानें हें दान काढलें. त्या दानाचा मान राखावयाचा तो रडून नव्हे, सांभाळून.

शाळकरी मुलांस दोन शब्द

रोपण झालेल्या मुलांत धोक्याचें वय कोणतें, असें विचाराल तर तें कुमारवय होय. या वयांत आईनें गोळीची आठवण केलेली आवडत नाहीं. डबींतून गोळी काढतांना मित्र हंसतील अशी भीति वाटते. औषधानें तोंड सुजतें, तें आरशांत पाहवत नाहीं. आणि आज एक चुकली तर काय बिघडलें, असें वाटतें. कारण त्या दिवशीं कांहींच बिघडत नाहीं. बिघाड आंतून, न बोलतां होतो. जगभरच्या डॉक्टरांस हा अनुभव आहे.

म्हणून, विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या वर्गांत असा सोबती असेल तर त्याला तीन प्रकारें साह्य करा. त्याच्या गोळीची थट्टा करूं नका. उलट वेळ झाली तर हळूच आठवण द्या. सर्दी-खोकला असेल तर त्याच्याजवळ बसूं नका, आणि घरांत कांजिण्या किंवा गोंवर निघाला असेल तर ती गोष्ट शिक्षकांस तत्काळ सांगा. ती लपविणें त्याच्या जिवावर बेतूं शकतें. खेळांत त्याला सावकाश सुरू करूं द्या आणि दमला तर थांबूं द्या. पण दया म्हणून त्याला खेळांतून वगळूं नका.

आणि वडील मंडळीस एक विनंति. अवयवदानाचा अर्ज भरून ठेविला तरी त्या घटकेस जवळच्या आप्तांची संमति लागतेच. इस्पितळाच्या दारांत, डोळ्यांपुढें अंधार असतांना, हा प्रश्न पहिल्यानेंच विचारला गेला तर उत्तर सुचत नाहीं. म्हणून तो आधींच एखाद्या निवांत संध्याकाळीं, सर्वजण एकत्र बसले असतांना घरांत निघावा. उत्तर काय द्यावें हें प्रत्येकानें आपल्या सदसद्विवेकबुद्धीस विचारावें. तें आम्ही सांगणार नाहीं. पण घरांतील माणसाची इच्छा काय होती हें घरच्यांस ठाऊक असावें, एवढें तरी आम्हांस आग्रहानें सांगावेंसें वाटतें.